केबलवाले भाऊ

केबलवाल्या भाऊंना परतूरमध्ये दारातून आत येताना फारसं कुणी पाहिलेलं नाही. ते गच्चीवरून येतात. वाळवणाच्या कुरडया चुकवत, पाण्याच्या टाकीला वळसा घालत जिन्यातून खाली उतरतात आणि स्वयंपाकघरात डोकावून विचारतात, "काकू, आलं का चित्र?" खांद्यावर काळ्या वायरीचं वेटोळं, कानामागे पेन, शर्टाच्या खिशात पावतीपुस्तक. वायर ते दातांनी सोलतात. पकड असते त्यांच्याकडे, पण ती कायम मागच्या खांबापाशी राहिलेली असते. तांब्याची तार उघडी पडली की ती एक डोळा मिटून बघायची, कनेक्टरमध्ये खुपसायची, आणि कचरा शेजारच्या गच्चीवर फुंकायचा, हा क्रम कधी चुकत नाही.

हे भाऊ एकटे परतूरचे नाहीत. मंठ्यात आहेत, सेलूत आहेत, तालुक्याच्या प्रत्येक गावी एक तरी आहेच. शहरातल्या माणसाला वाटतं टीव्ही म्हणजे मोठमोठ्या कंपन्या. परतूरच्या माणसाच्या लेखी टीव्ही म्हणजे भाऊ. मालिकेतली नायिका मेली तरी जाब भाऊंनाच विचारला जातो.

1995 साली केबलचा कायदा झाला आणि त्याखालची नोंदणी सरकारने पोस्टाकडे दिली. भाऊ जालन्याच्या मोठ्या पोस्टात गेले, मनिऑर्डरच्या रांगेत उभे राहिले आणि किरकोळ फी भरून केबलचालक होऊन परत आले. त्याच कायद्याच्या 8व्या कलमाने दूरदर्शन दाखवणं सक्तीचं आहे. "मागत कुणी नाई, अन् काढलं तं गुन्हा," भाऊ सांगत. खोटं नको बोलायला; मोंढ्यापलीकडचे एक बाबा 'आमची माती आमची माणसं'साठी सह्याद्री आवर्जून लावायला सांगत.

खाजगी वाहिन्यांना असा कायदा नव्हता, पण पैसा होता. जुन्या टीव्ही संचांवर पुढचे नंबर स्वच्छ दिसत, मागच्या नंबरांवर मुंग्या. म्हणून पुढची जागा मिळावी यासाठी वाहिन्या बड्या केबल कंपन्यांना 'कॅरेज फी' मोजत. त्या पैशातलं परतूरपर्यंत झिरपलं ते एक भिंतीवरचं घड्याळ आणि दोन टी-शर्ट. त्यातला एक टी-शर्ट अजून शिडी पुसायला आहे.

अर्थात भाऊही काही गंगेत न्हालेले नव्हते. त्यांच्या दोन डायऱ्या असत. एक खरी, एक वरच्यांना दाखवायची. दुसऱ्या डायरीवर विश्वास ठेवला तर परतूरमधले बहुतेक लोक संध्याकाळी हरिपाठ म्हणत बसत असावेत. देशभरातल्या भाऊंनी अशी घरं लपवल्यामुळे वाहिन्यांनी दिल्लीत गळा काढला, आणि 2011 मध्ये कायदा बदलून टीव्हीला सेट-टॉप बॉक्सचा डबा सक्तीचा झाला. चित्र स्वच्छ दिसेल असं जाहिरातीत सांगितलं होतं. दिसलंही. पण डब्याचं मुख्य काम घरं मोजायचं, हे भाऊंनी पहिल्याच दिवशी ओळखलं. नगरपालिकांच्या गावांना मुदत होती 31 डिसेंबर 2015 आणि खेड्यांना आणखी वर्षभर. म्हणजे कागदावर नगर परिषदेच्या हद्दीतल्या शेवटच्या खांबापर्यंत डिजिटल, पुढे ॲनालॉग, आणि वायर एकच. पुढे तारखा कोर्टात लांबल्या. तोवर भाऊ त्या खांबाखाली उभे राहून कुणालाही सांगत, "हितून पुढं कायदा लागू नाई."

खरी गंमत फेब्रुवारी 2019 मध्ये झाली. ट्रायचे, म्हणजे दूरसंचार नियामकाचे, नवे दर लागू झाले. आता म्हणे ग्राहक राजा. हवी ती वाहिनी निवडा, तिचेच पैसे द्या. भाऊ छापील यादी घेऊन दारोदार फिरले. दारातूनच, त्या महिन्यात पहिल्यांदा.

"मला फक्त झी मराठी पाहिजे," काकू म्हणाल्या.

"19 रुपये."

काकूंनी 20ची नोट पुढे केली.

"अन् 153 रुपये 40 पैसे."

"ते कशाचे?"

"ते काईच न बघायचे, काकू. 130 लाइनीचे अन् 18 टक्के जीएसटी. 19वरबी जीएसटी हायेच. पण त्यात शंभर चॅनल येतेत की! पंचवीसेक तं निस्ते दूरदर्शनचे. काश्मिरीबी हाये."

"मला काश्मिरी येते का रे मेल्या?"

काकूंनी नोट कमरेला खोचली आणि शेवटी 'पॅक' घेतला. सगळ्यांनी घेतला. कारण सुट्या वाहिन्या जोडत गेलं की महाग, आणि गठ्ठ्यात घेतल्या की स्वस्त. गठ्ठ्यात न मागितलेल्या वाहिन्या बसवलेल्या. गठ्ठ्यातल्या वाहिनीची किंमत 19च्या वर नको, असा ट्रायचा नियम. बड्या वाहिन्यांनी तो मान खाली घालून पाळला आणि एकीमागून एकीने किंमत लावली, बरोबर 19.

2020 च्या जानेवारीत ट्रायने 19चे 12 केले. वाहिन्या मुंबई उच्च न्यायालयात गेल्या. 2021 मध्ये कोर्टाने ट्रायचं बरंचसं उचलून धरलं. तरी वाहिन्या डगमगल्या नाहीत. ठीक, 12 तर 12, म्हणाल्या, आणि लोकप्रिय वाहिन्या गठ्ठ्यातूनच बाहेर काढायचे दर जाहीर केले. नोव्हेंबर 2022 मध्ये ट्रायने 12चे पुन्हा 19 केले. भाऊंनी या सगळ्याचा अर्थ चहाच्या टपरीवर एका वाक्यात लावला: "ट्राय म्हंजी मोंढ्यातला सौदा, पुकारणारा ओरडतो एक, अन् भाव ठरवून आलेले असतेत दुसरेच." माझ्या वाचनात या विषयावर बरेच अहवाल आले. त्यातल्या कशातही याहून जास्त काही नव्हतं.

या नव्या दरांच्या करारावर ज्या केबल कंपन्यांनी सही केली नाही, त्यांचा सिग्नल स्टार, झी आणि सोनी यांनी 18 फेब्रुवारी 2023 ला तोडला. दिवस कोणता निवडला पहा. शनिवार, महाशिवरात्र. घरोघरी उपास, पोटात साबुदाणा आणि समोर काळा पडदा. दिल्लीत भारत-ऑस्ट्रेलिया कसोटीचा दुसरा दिवस चालू होता. दुसऱ्या सकाळी जडेजाने 42 धावांत 7 बळी घेतले, आणि ज्यांच्या घरी पडदा काळा होता त्यांना ते रेडिओच्या काळासारखं कानावर आलं. केबल कंपन्यांच्या संघटनेने साडेचार कोटी घरं अंधारात असल्याचं सांगितलं. त्यातल्या परतूरच्या घरांनी मुंबईला किंवा दिल्लीला फोन केला नाही. भाऊंना केला.

आणि भाऊ फोन उचलत नाहीत. तो त्यांच्या धंद्याचा पाया आहे. उचलला की जावं लागतं, गेलं की शिडी लावावी लागते. त्या आठवड्यात तर त्यांनी मोटारसायकलसुद्धा मागच्या गल्लीतून काढली. तरी एका निवृत्त मास्तरांनी त्यांना स्टेशनरोडवर गाठलंच.

"कामून रे, दूरदर्शन सक्तीचं हाये ना? मंग वनडे असली की शेजारच्या छत्रीवर मॅच, अन् तुह्या केबलवर त्याच दूरदर्शनवर गाणी?"

"सर, सुप्रीम कोर्ट. 2017."

मास्तर गप्प झाले. भाऊंना कायद्यातलं एवढंच पाठ आहे, पण ते बरोबर आहे. सरकारला वाटून मिळालेलं क्रिकेट दूरदर्शनने स्वतःच्या अँटेनावर आणि फ्री डिशवर दाखवावं, खाजगी केबलवर नाही, असं त्या निकालाने ठरलं. चॅनल सक्तीचं, मॅच वर्ज्य. त्या पावसाळ्याच्या आत मास्तरांच्या गच्चीवर छत्री आली. भाऊंनी ती स्वतःच बसवून दिली, बसवण्याचे पैसे घेतले आणि जाताना आपली वायर गुंडाळून नेली.

आता भाऊ नेटही देतात. त्याच खांबांवरून, त्याच शिडीने. आणि जानेवारी 2025 पासून केबलची नोंदणी पोस्टातून उचलून दिल्लीच्या मंत्रालयाच्या पोर्टलवर नेली आहे. 5 वर्षांचे 5000 रुपये. पोस्टाची रांग बरी होती, म्हणत भाऊ कागदांची पिशवी घेऊन ऑनलाइन फॉर्म भरणाऱ्या पोराच्या दुकानात गेले. पोरगा हात बांधून बसला होता.

"नेट बंद हाये, भाऊ."

"कुणाचं नेट हाये तुह्याकडं?"

"तुमचंच. सकाळधरून तुम्हालाच फोन लावायलोय."

भाऊंनी खिशातून फोन काढून पाहिला.

"आरं, तुहा होय ह्यो नंबर? म्या म्हणलं, गिऱ्हाईक असंल."