दौलताबाद ते फेज, व्हाया एक्सेल

पहिल्यांदा सहकुटुंब परदेशात जायचं तर माणसं दुबई गाठतात, सिंगापूर गाठतात, हात जरा सैल असेल तर स्वित्झर्लंडच्या बर्फात उभं राहून फोटो काढतात. आम्ही मोरोक्कोतल्या फेजला जायचं ठरवलं आहे. हे ऐकल्यावर नातेवाईक दोनच प्रश्न विचारतात. तिकडे आहे काय, आणि जेवणार काय? यातला दुसरा बहुतेक वेळा आधी येतो.

निवड लेकीची. ती इतिहासाची विद्यार्थिनी आहे आणि सध्या तिच्या अंगात इब्न बतूता संचारला आहे. हा गृहस्थ 1325 साली टँजिअरहून हजला म्हणून एकटाच निघाला. तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता. घरी परतला तो थेट 1349 मध्ये. मधल्या काळात तो दिल्लीत मुहम्मद तुघलकाचा काझी झाला, आणि तुघलकाने त्याला चीनला दूत म्हणून धाडलं तेव्हा जाता जाता आमच्या दौलताबादेतही येऊन गेला. ‘आमच्या’ अशासाठी, की आम्ही छत्रपती संभाजीनगरचे. घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला किल्ला दाखवणं हे आमच्याकडे चहा देण्याइतकंच बंधनकारक आहे. पुढे फेजच्या सुलतानाने, अबू इनानने, बतूताला आपला प्रवास सांगायला बसवलं, इब्न जुझय नावाच्या विद्वानाने तो उतरवून घेतला आणि 1355 मध्ये पुस्तक पुरं झालं. त्यात दौलताबादचा किल्ला आहे. आणि किल्ल्याच्या अंधारकोठडीतले, मांजराहून मोठे उंदीर आहेत.

हे लेकीने जेवताना वाचून दाखवलं. सासूबाईंचा घास हातातच राहिला.

“त्यानं स्वतः पाहिला का उंदीर?”

“नाही आजी. तिथे कैदेत असलेल्या एका सरदारानं त्याला सांगितलं.”

“म्हणजे ऐकीव. इतक्या पाहुण्यांना घेऊन आपण त्या अंधारीतून गेलो, वटवाघळं आहेत, कबूल. उंदीर कुठाय?”

बतूताने इथल्या द्राक्षांचं आणि डाळिंबांचंही कौतुक केलं आहे, हे लेकीने घाईघाईने सांगून पाहिलं. उपयोग झाला नाही.

“आणि हे सगळं त्यानं त्या फेजात बसून सांगितलं?”

“हो.”

“मग बघूच एकदा ते गाव.”

अशा रीतीने घरातलं सर्वांत अवघड मत आमच्या पारड्यात पडलं. मला मात्र तेव्हापासून राहून राहून वाटतं, अर्धं जग हिंडलेल्या माणसाच्या पुस्तकातून माझ्याही डोक्यात राहिले ते उंदीरच. तर मग आम्ही परत आल्यावर फेजचं काय सांगत बसू? नवऱ्याने केलेल्या यादीतलं ते काही नसणार, एवढं मी पैजेवर सांगते.

यादी म्हणजे एक्सेलची शीट आहे. तीत दिवस, वेळ, ठिकाण, ‘किती मिनिटं’ आणि ‘शेरा’ असे रकाने आहेत. अबू इनानने बांधलेल्या बू इनानिया मदरशाला चाळीस मिनिटं. त्याच्यासमोर 1357 सालचं पाण्यावर चालणारं घड्याळ आहे, म्हणजे भिंतीतल्या छोट्या खिडक्यांची एक रांग आणि खाली पितळी वाडगी ठेवायच्या जागा. ते चालायचं कसं, हे आज कुणालाच नक्की सांगता येत नाही. त्याला 11:20 ते 11:30. “बंद पडलेल्या घड्याळाला दहा मिनिटं पुरे,” असं नवऱ्याचं म्हणणं.

पण हा देश शीटवाल्यांना फारसा मानवणारा नाही. रमजानचा महिना आला की मोरोक्कोत घड्याळं तासभर मागे घेतात, आणि महिना सरला की पुन्हा पुढे. हे कळल्यावर नवऱ्याने रमजान टाळायचं ठरवलं. भक्तिभावाने नव्हे, सूत्रं बिघडतात म्हणून. मग शुक्रवार आडवा आला. शुक्रवारी दुपारी जुन्या शहरातली बरीच दुकानं बंद, पण घराघरांत कुसकुस शिजतो तोही शुक्रवारीच. म्हणजे खरेदी धरावी तर जेवण सुटतं. आमच्याकडे असा पेच दोन मिनिटांत सुटतो: जेवण.

खरी पंचाईत गल्ल्यांची. जुनं शहर, फेज अल-बाली, 1981 पासून युनेस्कोच्या वारसा यादीत आहे आणि आत मोटार शिरत नाही. गल्ल्या नऊ हजारांवर आहेत असं सांगतात. काही इतक्या अरुंद, की समोरून माणूस आला तर एकाने आडवं व्हावं. माल गाढवांवरून जातो. मागून “बलाक!” अशी आरोळी आली की मुकाट्याने भिंतीला चिकटायचं. जाऊन आलेले सगळे एकच सल्ला देतात: नकाशा ठेवून द्या आणि मनसोक्त हरवा. हा सल्ला देणाऱ्यांचे गुडघे शाबूत असतात, असं माझं निरीक्षण आहे. सासूबाईंचं वय चौऱ्याहत्तर. 1913 मध्ये बांधलेल्या निळ्या-हिरव्या बू जलूद दरवाजातून आत गेलं की रस्ता उतरत उतरत शहराच्या पोटात जातो. “उतरते मी, पण चढायचं कुणी?” हा त्यांचा सवाल रास्तच होता. उत्तर लेकीला सापडलं. खाली रसीफच्या चौकापर्यंत लाल टॅक्स्या येतात. वरून शिरायचं, खालून बाहेर पडायचं. आठवडाभरात सगळ्यांनी एकमताने मान्य केलेली ही एकमेव योजना.

राहायचं रियाधमध्ये. बाहेरून कोरी भिंत, आत चौक, चौकात कारंजं आणि सगळ्या खोल्यांची तोंडं चौकाकडे; पेशवाईतला वाडा टाइल्स लावून चकचकीत केला तर असाच दिसेल. जिनेही वाड्यासारखेच उभे, म्हणून ‘तळमजल्यावरचीच खोली हवी’ असं नवऱ्याने तीनतीनदा कळवलं आहे.

शुआराच्या चर्मालयांवरून थोडी खडाजंगी झाली. तिथे दगडी हौदांत चुना आणि कबुतरांची विष्ठा वापरून कातडी मऊ करतात, मग शेजारच्या हौदांत रंगवतात. बघायला आलेल्यांच्या हाती दुकानदार पुदिन्याची काडी देतात, नाकाशी धरायला. सासूबाई म्हणाल्या, “मी नाही येणार.” लेक म्हणाली, “आजी, तुझी कोल्हापुरी काय मोगऱ्यात कमावतात?” सासूबाईंनी दाराशी ठेवलेल्या चपलांकडे पाहिलं आणि विषय बदलला. शीटमध्ये तूर्तास ‘आई: प्रश्नचिन्ह’ असा शेरा आहे.

अल-करवीयीनवर मात्र त्या खूश आहेत. परंपरा सांगते, की फातिमा अल-फिहरी नावाच्या बाईने बापाकडून आलेल्या पैशातून 859 मध्ये ही मशीद उभारली, तिचंच पुढे मोठं विद्यापीठ झालं. आणि तिच्या बहिणीने, मरियमने, नदीपलीकडे दुसरी मशीद बांधली. “बापाचा पैसा आला आणि दोघींनी दागिने केले नाहीत,” असं म्हणून त्यांनी माझ्याकडे का पाहिलं ते मला कळलं नाही. मशिदीत मुसलमानेतरांना जाता येत नाही, दारातून अंगण दिसतं तेवढं पाहायचं. पंढरीला कळसाचं दर्शन घेऊन परतलेल्या बाईला यात काही कमी वाटत नाही.

जेवणाची काळजी उगीच होती. वाळवलेल्या फावा बीन्सचं दाट बिसारा, वर ऑलिव्हचं तेल आणि जिऱ्याची पूड, वांगी-टोमॅटोचं झालूक, भाज्यांचं ताजिन. सांभाळायचं ते हरिरा नावाच्या सूपला, त्यात बहुधा मटण असतं. तरीही मेतकूट, दाण्याची चटणी आणि लसणाची चटणी अशी तीन पाकिटं वजनकाट्यावर चढली आहेत. पैशाचं म्हणाल तर भाच्याने दुबईहून आणलेले दिरहॅम सासूबाईंनी जपून ठेवले होते. तो दिरहॅम निराळा आणि मोरोक्कोचा निराळा, हे त्यांना अजून पटलेलं नाही.

एवढ्या सगळ्या चर्चेत त्यांनी स्वतःहून मागितलेली गोष्ट एकच. फेजमध्ये प्रत्येक मोहल्ल्याची आपली भट्टी असते, बायका घरी पीठ मळून पाव थापतात आणि पोरं फळीवर ठेवून ते भाजायला नेऊन देतात, असं लेकीने सांगितलं होतं. “इतक्या घरांचे पाव, मग कुणाचा कुठला हे त्या भट्टीवाल्याला कळतं कसं?” हे त्यांना बघायचं आहे. मदरसा, घड्याळ, चर्मालय, काही नाही दाखवलं तरी चालेल.

नवऱ्याने लगेच लॅपटॉप पुढे ओढला. “आई, किती वाजता धरू?”

“पीठ फुगलं की.”

त्याने क्षणभर विचार केला आणि पावणेदहा लिहिलं.