यंदा कुठनं?

पाऊस उघडला, की कोल्हापुरात दोन अंदाजांचा हंगाम सुरू होतो. उसाला पहिली उचल किती मिळणार, हा एक. आणि फुटबॉलच्या नोंदणीला कोण कुणाकडनं सही करणार, हा दुसरा. पहिल्यासाठी जयसिंगपुरात ऊस परिषद भरते, भाषणं होतात, कारखानदारांना इशारे दिले जातात. दुसऱ्यासाठी परिषद लागत नाही. पेठेतला कुठलाही कट्टा, दोन चहा आणि एक मोबाईल पुरतो. उसाच्या वादात एफआरपी नावाचा एक आकडा तरी आधाराला असतो. खेळाडूच्या वादात आधाराला कुणाचा तरी मेव्हणा असतो, आणि त्याला आतली बातमी असते.

बाहेरगावच्या वाचकांना थोडं सांगायला हवं. आमच्याकडं फुटबॉलचे संघ तालमींच्या आणि मंडळांच्या नावानं उतरतात. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस, फुलेवाडी, संध्यामठ. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, म्हणजे केएसए, हंगामाआधी खेळाडूंची नोंदणी घेते आणि मग शाहू स्टेडियमवर वरिष्ठ गटाच्या सोळा संघांची साखळी सुरू होते. त्या सामन्यांना पोलीस बंदोबस्त लागतो, यावरून पेठांचं प्रेम किती उत्कट आहे ते कळावं. पण खरा खेळ नोंदणीआधीच होतो. त्यात रेफ्री नसतो, वेळेची मर्यादा नसते आणि प्रेक्षकच गोल मारतात.

आमच्या पेठेचा एक जुना स्ट्रायकर आहे. नाव सांगत नाही, मला याच पेठेत राहायचंय. वय आमच्या पेठेच्या मते पस्तीस, समोरच्या पेठेच्या मते बेचाळीस. गेली काही वर्षं गणपती विसर्जन झालं, की त्याच्या निवृत्तीची तयारी सुरू होते. त्याची नव्हे, बाकीच्यांची.

"त्यो यंदा खेळत न्हाई, लिहून घे."

"कशावरनं?"

"काल मिसळीला दोनदा कट मागून घेतला. खेळणारा माणूस दोनदा कट घेतोय व्हय मर्दा?"

हा झाला एक पुरावा. दुसरा पक्ष लगेच उसळतो. परवा त्याला पहाटे रंकाळ्यावर पळताना पाहिलंय, म्हणजे खेळणार तर नक्कीच. फक्त आपल्याकडनं नाही. कारण पळताना त्यानं आपल्या तालमीचा टी-शर्ट घातला नव्हता. साधा पांढरा होता. पांढरा म्हणजे कुठली तालीम, यावर पुढचा अर्धा तास जातो. तेवढ्यात कुणीतरी सांगतं, की त्याची सासुरवाडी शिवाजी पेठेत आहे. सगळे गप्प होतात. इतकी वर्षं ही गोष्ट आपल्यापासून लपवली गेली, याचं दुःख चेहऱ्यांवर दिसतं. लग्न याच मंडळींनी लावलेलं असतं, वरातीत यांनीच नाचून रस्ता अडवलेला असतो, पण तेव्हा ती बाब क्रीडाविषयक नव्हती.

मग डीपी. त्यानं व्हॉट्सॲपचा डीपी काढून टाकला, की निवृत्ती. मुलीचा फोटो लावला, तरी निवृत्ती, शिवाय भावनिक. जुन्या फायनलमधला गोल लावला, तर भाव वाढवायला बघतोय. काहीच केलं नाही, तर मोठं काहीतरी शिजतंय. गुडघ्याला पट्टा बांधून दिसला तर समोरची पेठ म्हणते, नाटक आहे. गुप्तहेर खात्यानं आमच्या कट्ट्यावरची चार माणसं नेली, तर देशाचा बराच खर्च वाचेल. निष्कर्ष चुकतील, पण वेळेत येतील.

या शास्त्रात आम्ही मागासलेले आहोत असं कुणी समजू नये. महेंद्रसिंह धोनीच्या निवृत्तीवर या जिल्ह्यानं जेवढा विचार केला, तेवढा रांचीनंही केला नसेल. १० जुलै २०१९ ला मँचेस्टरला गप्टिलच्या फेकीवर तो धावबाद झाला, आणि पुढचे तेरा महिने तो काहीच बोलला नाही. मौनाचा अर्थ काढण्यात आमच्या चावड्यांचा हात कोण धरणार? अखेर १५ ऑगस्ट २०२० च्या संध्याकाळी त्यानं इन्स्टाग्रामवर दोन ओळी टाकून विषय संपवला. त्याच्यापुरता. त्याच महिन्यात आमच्याच जिल्ह्यातल्या कुरुंदवाडात धोनी आणि रोहित शर्मा यांच्या चाहत्यांमध्ये डिजिटल फलकावरून जुंपल्याची आणि एकाला उसात नेऊन चोपल्याची बातमी देशभर झळकली. वीरेंद्र सेहवागला ट्विटरवर समजूत काढावी लागली, की खेळाडू आपापल्या कामाशी काम ठेवून असतात, तुम्ही कशाला भांडताय. दिवस कोरोनाचे. स्टेडियम रिकामी, सामने बंद. उभा होता तो फक्त ऊस.

त्यानंतरही धोनी आयपीएल खेळतच राहिला, त्यामुळं चर्चेला खंड पडला नाही. शेवटचा सामना का, असं त्याला २०२० मध्ये नाणेफेकीच्या वेळी विचारलं गेलं, त्यानं 'डेफिनिटली नॉट' म्हटलं, आणि चेन्नईवाल्यांनी ते टी-शर्टांवर छापलं. २०२४ मध्ये कर्णधारपद आपल्या ऋतुराज गायकवाडकडं दिलं. आता संपलं म्हणाले सगळे. पुढच्या वर्षी ऋतुराजचं कोपर दुखावलं आणि हा पुन्हा कर्णधार. तोवर नियमही मदतीला आला होता. पाच वर्षं आंतरराष्ट्रीय सामना न खेळलेला भारतीय खेळाडू 'अनकॅप्ड' धरला जाईल, म्हणजे देशासाठी कधी खेळलाच नाही अशा पोरांच्या रांगेत. दोन विश्वचषक जिंकून दिलेला त्रेचाळीस वर्षांचा माणूस चार कोटींत नवखा झाला. हे कळल्यावर आमच्या कट्ट्यावरून एकानं विचारणा केली, की आपल्या स्ट्रायकरला ज्युनिअर गटात बसवता येईल का. तो चेष्टा करत नव्हता.

विजय मर्चंट यांचं एक म्हणणं जुने लोक नेहमी सांगतात. निवृत्त अशा वेळी व्हावं, की लोकांनी 'का?' विचारलं पाहिजे, 'का नाही?' विचारायची पाळी येऊ नये. स्वतः मर्चंट १९५१ मध्ये दिल्लीत इंग्लंडविरुद्ध १५४ धावा करून थांबले. अर्थात त्यात तत्त्वापेक्षा दुखावलेल्या खांद्याचा वाटा मोठा होता, पण सुभाषितांत खांद्याचा उल्लेख करत नाहीत. हे सूत्र मुंबईला ठीक. कोल्हापुरात 'का' कुणी विचारत नाही आणि 'का नाही'ही नाही. इथं एकच प्रश्न: "यंदा कुठनं?"

हॉकीवाल्यांच्या नशिबी एवढंही नसतं. खडकीचा धनराज पिल्ले १९९८ मध्ये बत्तीस वर्षांनी आशियाई सुवर्ण घेऊन बँकॉकहून परतला. तो कर्णधार. थोड्याच दिवसांत त्याच्यासह सात जण संघाबाहेर. मानधन मागितलं होतं. सरकारी भाषेत त्याला विश्रांती म्हणाले. तो गडी पुढं २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकपर्यंत खेळला, हा भाग निराळा. तिथं निर्णय फेडरेशनचे दोन-चार लोक घेत. आमच्याकडं अख्खी पेठ घेते, म्हणजे लोकशाही जास्त. २०१९ च्या लोकसभेला सतेज पाटलांनी 'आमचं ठरलंय' ही घोषणा राज्यभर गाजवली. लोकांना ती राजकीय वाटली. आमच्या स्ट्रायकरला ती जुनीच आहे. त्याचं कधीच काही ठरलेलं नसतं, आमचं मात्र दरवर्षी ठरलेलं असतं.

निष्ठेचा मुद्दा निघाला की कट्ट्याचा आवाज चढतो. त्यानं तालीम बदलली तर गद्दार, हे एकमतानं ठरलेलं आहे. हे ठरवणाऱ्यांत दोन माजी नगरसेवक असतात. त्यांनी आजवर बदललेल्या पक्षांची नोंदणी ठेवायची तर केएसएला वेगळी खिडकी उघडावी लागेल. शेजारीच परदेशी खेळाडू आणायचा बेत शिजत असतो. लांबून समुद्र ओलांडून आलेला तो पोरगा दोन महिन्यांत "लई भारी" म्हणायला शिकतो आणि पेठ त्याला डोक्यावर घेते. त्याच्याकडं निष्ठेचा दाखला कुणी मागत नाही. तो पैशासाठी आलाय हे सगळ्यांना मान्य असतं, आणि त्यात काही गैरही नाही. गैर तेव्हाच होतं, जेव्हा पेठेतलाच पोरगा पंधरा वर्षांनी पहिल्यांदा "किती देताय?" असं विचारतो. तेव्हा म्हणे मातीशी बेइमानी होते. मातीला कुणी विचारलेलं नसतं.

मातीचं निघालं म्हणून. ज्या तालमींची नावं हे संघ मिरवतात, त्यांच्या आत पैलवान निवृत्त होत नसे. लंगोट खुंटीला लागला, की तो हौद्याच्या कडेला येऊन बसे आणि वस्ताद होई. गणपतराव आंदळकर १९६० चे हिंदकेसरी. १९६२ मध्ये जकार्तात आशियाई सुवर्ण, १९६४ मध्ये टोकियो ऑलिंपिक. कुस्ती थांबल्यावर त्यांनी मोतीबाग तालमीत पोरं घडवली. २०१८ मध्ये गेले तोवर त्यांच्यापुढं वाकल्याशिवाय कुणी मातीत उतरत नव्हतं. त्यांच्या निवृत्तीवर पैजा लागल्याचं ऐकिवात नाही, कारण लढणं संपलं तरी त्यांची जागा संपत नव्हती. खुराक कमी होत असेल, मान नव्हे. फुटबॉलनं तालमीचं नाव घेतलं, झेंडा घेतला, ईर्षा तर घेतलीच, थोडी जास्तच. एवढी एक सोय मात्र घ्यायची राहून गेली. काही जुने खेळाडू सकाळी पोरांना शिकवतात, पण ते हौसेनं आणि पदरमोडीनं. बाकीच्यांना शाल, श्रीफळ आणि डिजिटल फलकाच्या खालच्या ओळीत पासपोर्ट आकाराचा फोटो. वरची ओळ नेत्यांना लागते.

म्हणून आमचा स्ट्रायकर थांबत नसावा. थांबून जायचं कुठं?

परवा तो मला दूध घेताना भेटला. आजूबाजूला कुणी नाही बघून मीही विचारलंच. त्यानं पिशवी या हातातनं त्या हातात घेतली.

"डॉक्टरनं एमआरआय सांगितलाय. आधी ते करायचं का पोरीची फी भरायची, ते बघाय लागलोय. सुपरवायझर म्हणतोय, यंदा सामन्याला सुट्टी मागायची न्हाई."

"मग खेळणार का नाही?"

"तुमच्या कट्ट्यावर काय ठरलंय?"

मी सांगितलं, की चर्चा चालू आहे. तो म्हणाला, ठरलं की कळवा.

तर पेठेतल्या जाणकारांना माझी एक विनंती. नोंदणीला अजून अवकाश आहे. अंदाज बांधा, पैजा लावा, फलकाचा मजकूरही दोन्ही बाजूंनी तयार ठेवा, 'निष्ठावंत' आणि 'गद्दार', म्हणजे ऐनवेळी प्रेसला धावपळ नको. वर्गणीची पावती घेऊन दारात याल तेव्हा या वर्षी गुडघ्यांसाठी किती बाजूला काढलेत तेवढं सांगा, मी त्याप्रमाणं आकडा टाकीन. आणि त्याला फोन करायचाच असेल तर सकाळी अकराच्या आत करू नका. या आठवड्यात गोकुळ शिरगावच्या फौंड्रीत त्याची रात्रपाळी आहे.