गजराजांचे रंगभूषाकार यांस अनावृत पत्र

परमआदरणीय छायाचित्रकार महाशय,

शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

आपण सप्रेम धाडलेलं हत्तींचं कॅलेंडर मिळालं. बारा महिने, बारा हत्ती आणि प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात हत्तीच्या पावलाएवढी आपली सही. सही एवढी मोठी केल्याबद्दल आधी आभार मानतो. तिच्याखाली जे काही होतं ते आपण नुसतं झाकलंत, पुसलं तरी नाहीत.

पहिल्याच पानावर डोळे निवले. नागरहोळेतले हत्ती तिथली तांबडी माती सोंडेने अंगावर उडवून घेतात, ऊन आणि किडे यांच्यापासून बचाव म्हणून. त्यामुळे ते विटकरी दिसतात. मी आपल्याच जिप्सीत मागच्या बाकावर होतो, मलाही या पानावरचा हत्ती विटकरीच दिसला होता. आपण त्याला घरी आणून सचैल स्नान घातलंत. व्हाइट बॅलन्स फिरवून करडा केलात, मग क्लॅरिटीची पट्टी उजवीकडे जाईल तेवढी ओढलीत. आता त्याची कातडी गॅरेजबाहेर रचलेल्या जुन्या टायरांसारखी दिसते. भोवतालचं गवत इतकं पोपटी झालंय की घरातल्या लहानांनी बोट लावून पाहिलं, रंग हाताला लागतो का म्हणून.

मार्चमधल्या नराबद्दल तर किती आभार मानू! त्याच्या डोळ्या-कानाच्या मधून गालावर एक काळा, ओला ओघळ उतरला होता. आपल्याला आठवत असेल, चालकाने तो पाहिला मात्र, एक शब्द न बोलता गाडी मागे घेतली. मदाचा ओघळ होता तो. मदात आलेल्या नराच्या वाटेला बाकीचे हत्तीही सहसा जात नाहीत. आपल्याला तो मळ वाटला. हीलिंग ब्रश फिरला आणि साहेब कसे सात्त्विक झाले! आता कुणालाही जवळ जाऊन सेल्फी घ्यावासा वाटेल. जे जातील त्यांच्या नातेवाइकांच्या वतीने आगाऊ धन्यवाद.

वय झालं की हत्तीच्या कानांवर आणि सोंडेवर गुलाबी ठिपके उमटतात, कानाची वरची कड दुमडते, काट्याकुट्यात अडकून कडा फाटतात. केनियातल्या अंबोसेलीत हत्तींच्या अभ्यासक सिंथिया मॉस आणि त्यांचे सहकारी 1972 पासून एकेका हत्तीची नोंद ठेवत आले आहेत, ती मुख्यतः या फाटक्या कानांवरूनच. एवढी वर्षं त्या बाई चिंध्या मोजत बसल्या! आपण सगळे कान रफू करून, इस्त्री फिरवून, ठिपके उजळवून दिलेत. आता कॅलेंडरमधला एकही हत्ती जगातल्या कुठल्याही वहीत सापडणार नाही. अज्ञात हत्ती इतक्या घाऊक प्रमाणात शोधून काढल्याबद्दल अभिनंदन.

तरीही एप्रिलला तोड नाही. पिल्लू हत्तिणीच्या पुढच्या पायांमध्ये तोंड घालून दूध पितंय (आचळ तिथेच असतात, एवढं आपण राहू दिलंत), आणि त्या लेकुरवाळीला सुळे! आशियाई हत्तींत असे बाहेर आलेले सुळे नरालाच, तेही सगळ्या नरांना नाही. बिनसुळ्याच्या नराला मखना म्हणतात. मादीला असलेच तर ओठाखाली जेमतेम डोकावतील एवढे. हिचे मात्र जमिनीला टेकू टेकू, वर एकमेकांवरून गेलेले. तो बाक पाहूनच ओळख पटली. कबिनीच्या भोगेश्वर नावाच्या नर हत्तीचे! तो 2022 च्या जूनमध्ये गेला, तेव्हा त्याचा लांब सुळा 2.54 मीटर भरला होता. वारसा हक्काची एवढी निकड लागलेली मी माणसांतही क्वचित पाहिली आहे. एकच शंका, पिल्लाला मायमाउलीपर्यंत पोचायला वाट कुठून ठेवलीत?

आता रचनेविषयी. उन्हाळ्यात कबिनीच्या जलाशयाचं पाणी मागे हटतं, काठावर कोवळं गवत फुटतं आणि कळपच्या कळप उतरतात. बोटीतून आपण जो कळप टिपलात त्यात आई, मावश्या, आजी पिल्लाभोवती अंगाला अंग लावून उभ्या होत्या. एकीने सोंड उंच करून आपला वास घेतला होता. मला वाटलं होतं, तो वेढा हेच चित्र. आपण सगळ्यांचे पाय छाटून तेवढं पिल्लू शिल्लक ठेवलंत आणि खाली छापलंत, ‘एकाकी’. चार धडधाकट बाया हयात असताना पोराला अनाथ करायला काळीज लागतं.

ग्रेग दु तॉय हे छायाचित्रकार यातले अगदीच कच्चे. बोट्स्वानात जमिनीत पुरलेल्या एका कंटेनरमध्ये बसून त्यांनी वाइड लेन्स वर तिरकी धरली, शटर मुद्दाम संथ ठेवलं. हत्ती आले ते धूसर, हललेले, भुतासारखे. त्याला 2013 साली लंडनच्या वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर स्पर्धेचा सर्वोच्च मान मिळाला. शार्पनिंगची पट्टी कुठे असते हे बिचाऱ्यांना कुणी दाखवलं नसावं.

आपल्या तिळारीच्या चित्रापुढे मात्र मी खरोखर नतमस्तक आहे. तिथे, दोडामार्ग तालुक्यात, 2002 पासून कर्नाटकातून हत्ती येतात. मूळ चित्र आपण परतीच्या वाटेवर कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर दाखवलं होतंत. हत्ती कुणाच्या तरी बागेत उभा होता. आडव्या झालेल्या केळी, मधोमध फाटलेला माड, विजेचा खांब, आणि बांधावर रिकामा पत्र्याचा डबा व काठी घेतलेला एक माणूस, एक पाय पुढे टाकून थबकलेला. छापील चित्रात धुकं आहे, मागे धबधबा आहे. केळी गेल्या, माड गेला, खांब गेला, माणूसही गेला. शेतकऱ्याचं नुकसान इतक्या झटपट भरून काढणं वनखात्यालाही जमलेलं नाही.

बिप्लब हाजरा यांना ही कला साधली नाही. पश्चिम बंगालात बांकुऱ्याजवळ त्यांनी एक हत्तीण आणि जळत धावणारं तिचं पिल्लू टिपलं, आणि पेटते गोळे फेकून पळणारी माणसंही चौकटीत तशीच राहू दिली. 2017 साली सँक्चुअरी मासिकाचा वन्यजीव छायाचित्रणाचा पुरस्कार त्याच चित्राला मिळाला. आपल्या हाती ती चौकट पडती तर त्या जाळाचा सुरेख सूर्यास्त झाला असता.

डिसेंबरच्या चंद्राबद्दल बोलत नाही. हत्तीची सावली चंद्राच्याच दिशेने पडली आहे, हे एखादा खगोलशास्त्रज्ञ पाहून घेईल.

कॅलेंडरसोबतच्या चिठ्ठीत आपण त्याच लंडनच्या स्पर्धेचा अर्ज भरून देण्याची आज्ञा केली आहे. देतो. फक्त तिथले परीक्षक मोठे संशयी आहेत. शेवटच्या टप्प्यात मूळ रॉ फाइल मागतात. 2009 चा सर्वोच्च मान त्यांनी 2010 च्या जानेवारीत काढून घेतला, चित्रातला लांडगा रानातला नसून शिकवलेला असावा म्हणून. आणि तो लांडगा तर खरा होता.

तेव्हा एप्रिलच्या हत्तिणीची तेवढी रॉ फाइल पाठवून द्यावी. मेमरी कार्ड बिघडल्याचं कळवण्याची तसदी घेऊ नये. ते मागच्या वर्षीच बिघडलं होतं.

आपला कृपाभिलाषी,
एक सहप्रवासी