बर्फ लावून गरम केलेली सीट

"गाडीची सीट गरम होत नाही, तेवढी करून द्या," असं जालन्यात भर मे महिन्यात म्हणणाऱ्या माणसाकडं लोक कसे बघतात, हे मी आता अनुभवानं सांगू शकतो. आधी तोंडाकडं बघतात, मग गाडीकडं, मग वर सूर्याकडं. गॅरेजच्या मिस्त्रींनी माठातलं तांब्याभर पाणी आणून माझ्या हातात दिलं आणि हळू आवाजात विचारलं, "बसा सर सावलीला. कधीपासून होतंय असं?"

प्रश्न गाडीबद्दल नव्हता, हे माझ्या जरा उशिरा लक्षात आलं.

गाडी जुनी, एका युरोपीय कंपनीची, पुण्याच्या एका गृहस्थांकडून घेतलेली. गिअरच्या पुढं दोन बटणं आहेत. त्यांवर खुर्चीचं चित्र आणि खुर्चीतून निघणाऱ्या तीन वेड्यावाकड्या रेषा. कुणीतरी सीटवर वाफाळता उपमा सांडून ठेवलाय, असं वाटतं. बटण दाबलं की दिवा लागायचा आणि थोड्या वेळानं आपोआप विझायचा. बायकोचं म्हणणं, "बंद आहे तेच बरं." पण पैसे मोजून घेतलेल्या गाडीत एखादं बटण नुसतं शोभेला असावं, हे मला पटत नाही. वापरू न वापरू, तो आमचा घरगुती मामला. चालू असलं पाहिजे.

ही कल्पना थंड मुलखातली. अमेरिकेत कॅडिलॅकनं १९६६ मध्ये जादा पैसे घेऊन अशी सीट द्यायला सुरुवात केली. स्वीडनच्या साबनं १९७२ च्या मॉडेलांत ड्रायव्हरची सीट गरम करायची सोय सरसकट देऊन टाकली. स्वीडनमध्ये ते शहाणपणाचंच होतं. तिथून ती फिरत फिरत अंबड चौफुलीच्या उन्हात का आली, ते तिचं तिला माहीत. तसं उष्णतेचं जालन्याला वावडं नाही. इथल्या भट्ट्यांत रोज भंगार वितळतं आणि त्याच्या सळ्या होऊन महाराष्ट्रभर जातात. दीड हजार अंशांवर पोलादाचं पाणी करणाऱ्या गावात एका माणसाच्या बसण्यापुरती ऊब मिळू नये, हे मी मिस्त्रींना जरा अभिमानाला डिवचून सांगितलं. ते म्हणाले, "भट्टीत बसता का मग?"

यंत्र म्हणाल तर साधं आहे. सीटच्या चामड्याखाली, फोमच्या वर, तारेची नागमोडी जाळी पसरलेली असते. बारा व्होल्टवर तिच्यातून चार-पाच अँपिअर वीज जाते, म्हणजे छताचा पंखा खातो त्याच्या आसपास. तार तापते, आपण शेकतो. मिस्त्रींनी फ्यूज पाहिला, ठीक. सीटखालचा कपलर सोडवून मल्टीमीटर लावला. ड्रायव्हरची सीट मुकी. शेजारची लावली, तीही मुकी. "दोन्ही गेल्या," त्यांनी निकाल दिला, आणि खर्चाचा आकडा सांगायला तोंड उघडलं.

तेवढ्यात त्यांच्या हाताखालचं पोरगं सीटवर टेकलं आणि पोळल्यासारखं उठलं. "उस्ताद, हे तर आधीच तापलेलं हाये!"

मिस्त्रींनी कपाळावर हात मारला. त्या जाळीत एक चिमुकला थर्मोस्टॅट असतो. सीट चाळीसेक अंशांच्या पुढं गेली की तो वीज तोडतो, माणूस भाजू नये म्हणून. उन्हात उभ्या असलेल्या गाडीचं चामडं सकाळी दहालाच त्याच्या पुढं गेलेलं. थर्मोस्टॅट बिचारा आपलं काम चोख करत होता. थोडक्यात, जालन्याच्या उन्हाळ्यात सीट तापते की नाही हे तपासायचं, तर आधी ती गार करायला हवी.

समोरच्या रसवंतीवरून बर्फाचा खडा आणला. तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून, टॉवेलात गुंडाळून, शेजारच्या सीटवर नेऊन निजवला. बघायला माणसं जमली. रसवंतीवाल्यानं चरक थांबवून विचारलं, "गाडीला ताप आलाय का?" थोड्या वेळानं मीटर टूं करून वाजलं. सीट जिवंत! टाळ्या पडल्या. ड्रायव्हरच्या सीटवर मात्र दुसरा खडाही विरघळला तरी मीटर बोलेना. तिथं तार खरोखरच तुटली होती. दाराकडच्या कडेला, जिथं आपण रोज सगळं वजन टाकून घसरत आत शिरतो, तिथंच.

पुढचं काम रीतसर झालं. बॅटरीची निगेटिव्ह काढून काही वेळ थांबले, कारण सीटच्या बाजूला एअरबॅग असते. "पिवळा कपलर दिसला की हात मागं," एवढं एकच वाक्य मिस्त्री न हसता बोलले. तुटकी तार डाग देऊन जोडा म्हटलं, तर नाही म्हणाले; सांधा एकाच जागी तापतो आणि आधी फोम जाळतो, मग तुमची पँट. अधिकृत दुकानात चौकशी केली, तर एवढीशी जाळी सुटी मिळत नाही, अख्खी सीट घ्या म्हणाले. शेवटी कार्बन फायबरचा पट्टा ऑनलाइन मागवला. त्याला वेगळा फ्यूज, रिले, थर्मोस्टॅट. सीटमेकरनं पक्कडीनं तारेच्या कड्या तोडून कव्हर सोललं आणि पट्टा चिकटवून पुन्हा शिवल्यासारखं बसवलं.

या सगळ्या खटाटोपाचं खरं चीज डिसेंबरात झालं. परतूरची मावशी कंबर धरून आलेली. राजूरच्या गणपतीला पहाटे निघालो, बाहेर हात आखडावेत अशी थंडी. तिच्या सीटचं बटण दाबलं. भोकरदन तालुका लागेपर्यंत तिचं कण्हणं थांबलं. दर्शन झालं, परत आलो, तर मावशी उतरेना. "तू जा घरात. आणि गाडी चालूच ठेव." चहा गाडीत पोचवला, मग पोहे. आधी तिनं माझं हे खूळ आख्ख्या नात्यात सांगितलं होतं. आता तेवढ्याच फोनांवर ती गाडीचे गुण गात होती.

दुसऱ्या दिवशी मावसभाऊ हजर. त्याच्या शेतात विजेची पाळी रात्रीची. हरभऱ्याला पाणी द्यायला तो अपरात्री मोटरसायकलवर जातो आणि थंडीनं काकडतो. "दादा, तुझ्या मिस्त्रीला विचार की, असलं मोटरसायकलला बसंल का?"

मिस्त्रींनी मोटरसायकलच्या इवल्याशा बॅटरीकडं बराच वेळ पाहिलं. म्हणाले, "बसवतो. पण हेडलाइट लावायचा का बूड शेकायचं, एक काय ते ठरवून या."