आष्टीचा सार्वजनिक गुडघा

महाराष्ट्रात आष्ट्या बऱ्याच. मोहोळ तालुक्यातल्या आष्टीत १८१८ साली बापू गोखले धारातीर्थी पडले. वर्धा जिल्ह्यातली आष्टी १९४२ च्या हुतात्म्यांची. जालना जिल्ह्यातल्या, परतूर तालुक्यातल्या आमच्या आष्टीत मी पडलो, तो बांधावरून. भिजलेल्या काळ्या मातीत पाऊल रुतलेलं, मागून कुणीतरी हाक मारली म्हणून धड वळलं, आणि दोघांच्या ओढाताणीत गुडघा सापडला. गुडघ्यातली गादी बहुतेकदा अशीच फाटते: पाय जागच्या जागी आणि वरचा माणूस फिरलेला. इतिहासात नोंद झाली नाही, एमआरआयमध्ये झाली.

आमच्याकडे ताप खासगी असतो, गुडघा सार्वजनिक. पारापासून घरापर्यंत लंगडत येईस्तोवर रुईचं पान तापवून बांधायचं की निर्गुडीचा शेक घ्यायचा, यावर दोन पक्ष पडले होते. “गुर्जी, आमच्या साडूचं अस्संच झालतं,” अशी कुणी सुरुवात केली की खुशाल समजावं, साडू अजून लंगडतोय. शेजारच्या घनसावंगी तालुक्यात, जांबेला, १६०८ साली समर्थ रामदास जन्मले. त्यांनी गावोगाव मारुती बसवले, बलोपासना सांगितली. आमच्या भागाने त्यातलं तेल तेवढं उचललं: आधी मारुतीला, उरलं तर गुडघ्याला.

डॉक्टर म्हणाले, ऑपरेशनची गरज नाही, फिजिओथेरपी करा. गाव हिरमुसलं. ऑपरेशन असतं तर जीप करून भेटायला येता आलं असतं.

फिजिओथेरपी करणाऱ्या पोराने पहिल्या दिवशी गुडघ्याला हातच लावला नाही. वाटीच्या वर बोटं मोजून पेनाने खूण केली आणि शिंप्यासारखा टेप घेऊन दोन्ही मांड्यांचं माप घेतलं. दुखरी मांडी बारीक निघाली. दुखतं म्हणून आपण त्या पायावर भार देत नाही, मग मांडीचा पुढचा स्नायू काही आठवड्यांतच आटतो; तो आटला की गुडघ्याचा बोजा वाटून घ्यायला कुणी उरत नाही, आणि दुखणं वाढतं. शिवाय हाडांच्या टोकांवरच्या कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. चालताना, वाकताना ती दाबली-सुटली की सांध्यातला द्रव तिच्यात आत-बाहेर होतो, तेच तिचं जेवण. “बाजेवर पडून राहा” असा प्रेमाचा सल्ला देणारे पाहुणे कूर्चेला उपास घडवत असतात.

माझ्यानंतर नंबर असलेल्या आजीला हे काही पटलं नाही. “बाबा, तू करंट लाव. व्यायाम काय, घरी हाय की रोजचाच.” तिचं सगळंच चूक नव्हतं. मशीनच्या शेकाने घटकाभर बरं वाटतं. पण करंटने मांडी भरत नाही. आणि दिवसभराच्या राबण्यात गुडघा वापरला जातो, त्याला सांभाळणारा स्नायू वेगळा कमवावा लागतो.

तो कमवायचा कसा? सतरंजीवर पाय लांब करून बसायचं, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची, मांडी आवळून टॉवेल खाली दाबायचा, दहा अंक मोजायचे, सोडायचं. बाहेरून पाहणाऱ्याला यात काहीच घडताना दिसत नाही. मी सातवर असताना शेजारी दारात उभा राहिला.

“काय करायले गुर्जी?”

“व्यायाम.”

तो बराच वेळ बघत राहिला. “असला तर मी रोजच करतो. झोपून.”

आठ, नऊ राहून गेले आणि पुन्हा एकपासून सुरुवात झाली. ज्यात घाम नाही, सुई नाही, फारसा खर्च नाही आणि जे दुसऱ्याकडून करून घेता येत नाही, त्याला औषध म्हणायला गाव तयार नाही.

वाजपेयी पंतप्रधान असताना २००० साली त्यांचा एक गुडघा मुंबईच्या ब्रीच कँडीत बदलला, २००१ साली दुसरा. तेव्हापासून गुडघा बदलता येतो हे पारावरही ठाऊक आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये सरकारने कृत्रिम गुडघ्यांच्या किमतीवर मर्यादा घातली, तेव्हा आशा आणखी वाढली. पण ऑपरेशन करून आलेल्यालाही हाच टॉवेल दाबावा लागतो. “मग बदलला कशाला?” हा आमच्या पारावरचा अनुत्तरित प्रश्न आहे.

सप्ताहातल्या कीर्तनाला मंडपाच्या कडेला खुर्च्यांची रांग असते, ती दरवर्षी लांबते. मांडी घालणं सुटलेले सगळे तिथे. पुरुषांच्या एकेका गुडघ्याचा इतिहास गावाला पाठ आहे. बायकांच्या गुडघ्याला मात्र “वय झालं” एवढंच निदान मिळतं. पन्नाशीनंतर सांध्यांची झीज पुरुषांपेक्षा बायकांत जास्त, आणि आमच्याकडे कापूस वेचणं, खुरपणं, चुलीपुढे उकिडवं बसणं हे सगळं त्यांच्याच वाट्याला. माझ्या गुडघ्यासाठी अर्धा गाव गोळा झाला, तेव्हा सर्वांना चहा करून देणारी घरातली बाई कितीतरी वर्षं भिंतीला हात धरून उठत होती. तिला जालन्याला दाखवून आणलं. आता सतरंजीवर दोन टॉवेल असतात.

तुमच्याही घरात अशी भिंत धरून उठणारी कुणी असेल. तिला एकदा तपासून आणा, सतरंजी तुम्ही अंथरा, आणि तिचे दहा अंक पुरे होईपर्यंत चहा मागू नका.