सीटवरचा येळकोट

"सर, बेज घ्या. गाडी आतून मोठी वाटते," शोरूममधला पोरगा म्हणाला, आणि मी घेतली. ज्या राज्यात सकाळ कांदेपोह्यांची, दुपार वरणाची, संध्याकाळ बटाटेवड्याची आणि नव्या गाडीची पहिली पूजाही हळदीकुंकवाची, त्या राज्यात सायीच्या रंगाची सीट विकणारा हुशार की घेणारा, हे वेगळं सांगायला नको.

पहिली दोन वर्षं आम्ही सीटवरचं प्लॅस्टिक काढलं नाही. उन्हाळ्यात ते मांड्यांना चिकटायचं आणि उठताना आवाज असा यायचा, की मागे बसलेले पाहुणे खिडकीबाहेर बघू लागायचे. मग कव्हरं आली. कव्हरांवर टॉवेल आले. सीटच्या कडेला कंपनीने एक चिठ्ठी शिवली होती : एअरबॅग इथून उघडते, कव्हर घालू नये. ती चिठ्ठी कव्हराखाली अगदी नवीकोरी राहिली.

वैशाखात भाच्याचं लग्न निघालं. पाहुण्यांना एकदा खरी सीट दिसू दे, म्हणून कव्हरं उतरवली. लग्नानंतर जोडप्याने जेजुरीला जायचं, ही आमच्याकडची रीत. भाचा बायकोला उचलून पाच पायऱ्या चढला. फोनवर नीट आलं नाही म्हणून खाली येऊन पुन्हा चढला. वर गडावर भंडाऱ्याची उधळण झाली, खोबरं झालं, येळकोट झाला. मग जेजुरी ते पुणे, पन्नासेक किलोमीटर, दोघंही नखशिखांत सोन्याची होऊन माझ्या सायीच्या सीटवर रेलून बसली. हळदीचा रंग पाण्यात विरघळत नाही, पण तेलात छान विरघळतो. नवरीच्या वेणीला खोबरेल होतं. मानेला घाम होता. पुढचं काम सीटच्या कापडाने केलं.

घरी पोचलो तेव्हाही बरीचशी भुकटी कोरडीच होती. नुसती झटकली असती, व्हॅक्यूमने ओढून घेतली असती, तरी अर्धं काम झालं असतं. पण डाग दिसला की आपला हात आधी पाण्याकडे जातो. मी ओलं फडकं फिरवलं आणि भुकटीचा लेप झाला. लेपावर कपड्यांची पावडर टाकून घासलं. फेस लाल झाला.

"अहो, कुणाला लागलं?" हिने गॅलरीतून विचारलं.

कुणाला लागलं नव्हतं. हळद हा नैसर्गिक दर्शक आहे, आम्लारीत तो लाल होतो, हे मी शाळेत लिहून गुण मिळवले होते. आपल्या आज्या-पणज्या हळदीत चुना किंवा टाकणखार घालून कुंकू करायच्या, ते याच गुणावर. थोडक्यात, मी सीटवर कुंकू तयार केलं होतं, तेही चांगलं घासून, आतपर्यंत पोचवून.

यानंतर घरचं सल्लागार मंडळ बसलं. सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, लिंबू लावून बघा." लावलं. लाल गेलं आणि मूळचा पिवळा टवटवीत होऊन परतला. (गाडी आणली त्या दिवशी चार लिंबं चाकांखाली चिरडली होती, तीच जपून ठेवायला हवी होती असं उगाच वाटून गेलं.) शेजारचे काका म्हणाले, खाण्याचा सोडा. सोड्याने पुन्हा लाल. दोन दिवसांत सीट तीनदा लाल आणि दोनदा पिवळी झाली. सिग्नलला फक्त हिरवा उरला होता.

मेहुणा कृतिशील. त्याने बादलीच ओतली. सीटच्या कापडाखाली स्पंज असतो आणि तो पाणी पितो, पण ते सोडायला त्याला घाई नसते. वर सीटखाली विजेच्या तारा असतात, त्यांच्या जोडण्या असतात. त्यामुळे आठवडाभर गाडीला ओल्या गोणपाटाचा वास होता आणि रिकाम्या सीटवर बेल्ट न लावलेला कुणी अदृश्य माणूस बसलाय, असं समजून गाडी टिंग टिंग करत होती.

मग एका दुकानात गेलो, जिथे गाडी धुण्याला धुणं म्हणत नाहीत. तिथल्या मुलाने तारेसारख्या ब्रशने इतकं मनापासून घासलं, की डागाभोवतीच्या कापडाची लव उठली. बिल पाहून माझीही उठली.

एकूण हळद आपली, हट्टही आपलाच. 1995 साली अमेरिकेत हळदीच्या जखम भरण्याच्या गुणावर पेटंट देण्यात आलं. डॉ. रघुनाथ माशेलकर सीएसआयआरचे प्रमुख असताना या संस्थेने जुने दाखले पुढे ठेवले आणि 1997 साली अमेरिकेला ते पेटंट रद्द करावं लागलं. 2016 मध्ये वायगावच्या आणि 2018 मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं. महासत्तेच्या हाती न लागलेली वस्तू माझ्या बादलीला दाद देईल, ही अपेक्षाच मुळात चुकीची होती.

तोडगा मिळाला तो धुण्याच्या मावशींकडून. त्यांनी सीटकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "दादा, हळद घासत्यात व्हय? उन्हात टाकत्यात. हळदीच्या कार्याचे कपडे आम्ही काय घासत बसतो?" बरोबरच आहे. हळदीतला पिवळा रंग म्हणजे कुर्कुमिन, आणि उजेडात ते तुटतं. म्हणूनच मसाल्याची बरणी खिडकीत ठेवली की हळद फिकी पडते. हे ठाऊक असूनही सीटच्या बाबतीत कुणालाच आठवलं नाही, कारण ऊन फुकट मिळतं. फुकटच्या औषधावर आपला विश्वास नसतो.

मावशींची पद्धत आणि थोडी माझी भर : पांढऱ्या फडक्यावर स्पिरिट घ्यायचं, आधी सीटच्या न दिसणाऱ्या कोपऱ्यात लावून बघायचं, मग डागावर नुसतं टिपायचं. कडेकडून आत. घासायचं नाही. फडकं पिवळं झालं की घडी बदलायची. गाडीचं दार उघडं ठेवून स्पिरिट पूर्ण उडू द्यायचं, आसपास काडी पेटवायची नाही. उरलेलं काम उन्हावर सोडायचं.

आता ऊन आणायचं कुठून? आमच्या सोसायटीची पार्किंग तळघरात आहे. फ्लॅट घेताना सावलीच्या त्या चौकोनाचे मी काही लाख वेगळे मोजले होते. आता वैशाखात गाडी घेऊन ऊन शोधत फिरत होतो. जिथे ऊन तिथे नो पार्किंग, आणि जिथे पार्किंग तिथे वडाचं झाड. शेवटी एका रिकाम्या प्लॉटच्या राखणदाराला चहाचे पैसे दिले आणि चार दिवस दुपारी दारं उघडी टाकून गाडीशेजारी छत्री घेऊन बसलो. येणारेजाणारे विचारायचे, "बंद पडली का?" पाचव्या दिवशी पिवळा गेला. ब्रशने उठलेली लव तेवढी राहिली आहे.

तुमच्याकडे यंदा लग्न असेल आणि जेजुरीचा बेत असेल, तर निघण्यापूर्वी मागच्या सीटवर एक जुनी चादर अंथरा. आमच्याकडे त्या दिवशी चादर होती. डिकीत होती, खोबऱ्याच्या वाट्यांखाली. डिकीला डाग पडू नयेत म्हणून.