पडद्याचं कापड कोणी आणलं?

परवा आणखी एका आजन्म राष्ट्राध्यक्षांना सत्त्याण्णव टक्के मतं पडली आणि कट्ट्यावर नेहमीचा प्रश्न निघाला: बंदूक यांची, तुरुंग यांचे, मोजणारेही यांचेच, मग हा खटाटोप कशाला? खुशाल खुर्चीत बसून राहावं. कागद वाचेल, शाई वाचेल, मास्तर लोकांची इलेक्शन ड्यूटी वाचेल.

कागद-शाईचं मला काही वाटत नाही. मला छळतो तो पडदा.

पूर्व जर्मनीतली ७ मे १९८९ ची निवडणूक घ्या. रविवार, स्थानिक संस्थांचं मतदान. मतपत्रिकेवर एकाच संयुक्त यादीतली नावं. होय-नाहीचा चौकोन नाही, शिक्का नाही. कागद घ्यायचा, दुमडायचा आणि पेटीत टाकायचा की झालं होकारार्थी मत. लोक आपसात 'दुमडायला चाललो' असंच म्हणत. नकार द्यायचा असेल, तर यादीतली नावं खोडायची. त्यासाठी कायद्याप्रमाणे पडद्याचा आडोसा हजर होता. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत चालत जाऊन शिरता येईल अशा बेतानं कोपऱ्यात ठेवलेला.

आता मला सांगा, हा आडोसा उभारला कोणी? म्हणजे कोणीतरी कारकून बसला असणार, त्यानं कापडाची तीन कोटेशनं मागवली असणार. रंग कुठला यावर साहेबांची सही झाली असणार. कोणीतरी काठ शिवले, कड्या ओवल्या, मापात बसतो का ते पाहिलं. दर निवडणुकीआधी 'पडदा सुस्थितीत आहे' असा शेरा पडला असणार, आणि तो खराच असणार, कारण धुवायची वेळच कधी येत नसेल. आत तुम्ही काय करता हे गुप्त, पण आत गेलात हे जगजाहीर. टेबलापासून तिथवर आठ-दहा पावलं, आणि तेवढ्यात तुमची बढती, मुलीचा कॉलेजप्रवेश, सगळं मागे पडत जायचं, कारण आत जाणाऱ्याची नोंद व्हायची. मला काळजी वाटते ती एखाद्या वेंधळ्या गृहस्थाची. बिचारा कोट अडकवायला खुंटी शोधत तिकडे वळला असेल आणि खोलीतल्या साऱ्या माना एकदम फिरल्या असतील. बायकोनं आयुष्यभर सुनावलं असेल, 'बाहेर दुमडता येत नव्हतं तुम्हाला?'

तर खटाटोप कशाला? लग्नात आहेराची वही घेऊन बसलेले काका आठवा. त्यांना पाकिटातल्या शंभराच्या नोटेशी कर्तव्य नसतं. कोण आलं आणि मुख्य म्हणजे कोण आलं नाही, हे त्यांना पाहिजे असतं. पूर्व जर्मनीतही दुपारपर्यंत नावावर खूण पडली नाही, तर कार्यकर्ते दारात हजर. आजारी असाल तर पेटीच घरी यायची, म्हणजे अंथरुणाला खिळलेल्यालाही सुटका नाही. बरं, लोकही काही कमी नव्हते. निवडणूक जवळ आली की अर्ज जायचा: छप्पर गळतंय, दुरुस्त करा, नाहीतर आम्ही मतदानाला येणार नाही. आणि बऱ्याचदा छप्पर दुरुस्त व्हायचंही! मत ही जगातली एकमेव गोष्ट, जी न देण्याची धमकी दिली तरच तिला भाव होता.

पण त्या मे महिन्यात काही खोडसाळ नागरिकांनी कायदा वाचला. मतमोजणी खुली असते, असं त्यात लिहिलं होतं. हे लोक शहराशहरांत केंद्रांवर जाऊन बसले, नकाराचे आकडे टिपले आणि घरी जाऊन बेरीज केली. रात्री सरकारनं जाहीर केलं: ९८.८५ टक्के होकार. बर्लिनच्या व्हाइसनझे भागात त्यांनी जवळजवळ सगळी केंद्रं पाहिली होती. तिथं त्यांनी मोजलेले नकार जाहीर आकड्याहून कितीतरी जास्त निघाले.

इथं माझं डोकं फिरतं. या खोडसाळांच्या बेरजेनुसारही राज्यकर्तेच प्रचंड बहुमतानं जिंकत होते! जिंकलेली निवडणूक चोरायची म्हणजे काय? तर त्याआधी, १९८६ च्या संसदीय निवडणुकीत होकार होता ९९.९४ टक्के. त्या आकड्याच्या फार खाली उतरायचं कोणी? खालच्या साहेबाला वरच्याची भीती, वरच्याला त्याच्या वरच्याची. प्रत्येकानं आपापल्या टेबलावर थोडे नकार गिळले असणार आणि उरलेले वर पाठवले असणार. म्हणजे देशात काय चाललंय हे ज्याला कळायला हवं, त्याच्यापर्यंत पोचेतो आकडा न्हाऊन-माखून, पावडर लावून आलेला. पुढे दर महिन्याच्या सात तारखेला बर्लिनमध्ये लोक निषेधाला जमू लागले, आणि ९ नोव्हेंबरला भिंतच उघडली. निवडणुकीपासून सहा महिने आणि दोन दिवस. पुढच्या मार्चमध्ये खरी निवडणूक झाली, तेव्हा दारात कोणी बोलवायला न येताही ९३ टक्के लोक मतदानाला गेले.

परवाचे सत्त्याण्णववाले सोडा, आताचे बरेच हुकूमशहा शिकलेत. ९९ चा हव्यास धरत नाहीत. सत्तरवर थांबतात. दोन-तीन पाळीव विरोधक उभे करतात, त्यांना सभेला मैदानही देतात. जो खरोखर पाडू शकेल, त्याच्या अर्जात मात्र हमखास एक कागद कमी निघतो. चार परदेशी निरीक्षक येतात, जेवतात आणि मतदान शांततेत पार पडलं असं लिहून जातात. अहो, शांततेत नाही तर काय, भांडायला समोर ठेवलंय कोणाला? आम्ही पत्रकारही कमी नाही. लांबलचक रांगेचा फोटो आणि खाली 'मतदारांत उत्साह'. रांगेतल्याला घरून उचलून आणलंय का, हे विचारायला एकजण जात नाही!

आणि सगळ्यांत संताप येतो तो आपल्या कट्ट्यावरच्या गृहस्थाचा. वर्तमानपत्राची घडी घालत तो म्हणतो, "काही म्हणा, निदान निवडणूक तरी घेतात." निदान! साहेब, तो पडदा, ती पेटी, ते दशांश, ते पाळीव उमेदवार हा सगळा कारभार तुमच्या तोंडून हे एक वाक्य निघावं म्हणून चाललाय. कोट्यवधी खर्च होतात त्यावर, आणि तुम्ही ते फुकट बोलता.